मागच्या सीटवरच्या गिऱ्हाइकासाठी टायरचं माप



टायरवरच्या व्हिडिओत फळ्यावर मांडलेले आकडे वहीत उतरवायला वेळ मिळाला नाही, असं बऱ्याच जणांनी कळवलं. म्हणून हा पाठ लिहून देतोय. व्हिडिओत राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टीही यात घातल्या आहेत. हा पाठ मुख्यतः एक-दोन गाड्यांची ट्रॅव्हल्स चालवणाऱ्यांसाठी आहे. टायरचं दुकान असणाऱ्यांनीही वाचा, कारण तुमच्याकडे येणारं गिऱ्हाईक उद्या हेच प्रश्न विचारणार आहे.

आधी धंद्याचं बोलू. तुमची गाडी कशावर चालते? डिझेल, सीएनजी हे झालं वरवरचं उत्तर. खरं म्हणजे, यंदा अष्टविनायकाला नेलेलं कुटुंब पुढच्या वर्षी अक्कलकोट-पंढरपूरला जाताना तुम्हालाच फोन करतं का, यावर ती चालते. त्या गाडीत मागच्या सीटवर आजी-आजोबा असतात. दोन दिवस त्यांची पाठ हादरे खाते. ते तक्रार करत नाहीत. घरी उतरल्यावर "गाडी छान होती हो" म्हणतात, पैसे देतात, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला फोन लावतात. तुम्हाला कारण कधीच कळत नाही.

आता असा गाडीमालक समोर आणा. मूळ टायर झिजलेत, चार नवीन घ्यायचेत. दुकानात गेल्यावर भिंतीवर चकचकीत अलॉय टांगलेले दिसतात. "साहेब, टायर घेताच आहात तर सोळाचे अलॉय टाका, गाडीचा लूक बदलेल." लूक बदलेल, हे शंभर टक्के खरं. पण मागच्या सीटचं काय होईल? त्यासाठी टायरवरचा नंबर वाचता आला पाहिजे.

उदाहरणाला डिझायर घेऊ, कारण आपल्याकडे टॅक्सी म्हणून ती सगळ्यात ओळखीची. खालच्या व्हेरियंटला टायर येतो १६५/८० आर १४. यातला १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. १४ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. 'आर' म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. त्याचा त्रिज्येशी काही संबंध नाही. आणि मधला ८० हा टक्का आहे. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत जी रबराची भिंत दिसते, तिची उंची रुंदीच्या ८० टक्के. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. हा आकडा लक्षात ठेवा. पुढचा सगळा पाठ त्याच्यावरच उभा आहे.

त्याच गाडीच्या वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतो. बाजारात लोक त्याच गाडीला १९५/५५ आर १६ बसवतात, आणि फारच हौस असेल तर २०५/४५ आर १७. चौघांचं गणित एकाखाली एक मांडू:

१६५/८० आर १४ : रबराची भिंत १३२ मिमी, चाकाची एकूण उंची ६२० मिमी
१८५/६५ आर १५ : भिंत १२० मिमी, एकूण ६२२ मिमी
१९५/५५ आर १६ : भिंत १०७ मिमी, एकूण ६२१ मिमी
२०५/४५ आर १७ : भिंत ९२ मिमी, एकूण ६१६ मिमी

(एकूण उंची काढायची रीत: रिमचे इंच गुणिले २५.४, अधिक भिंतीची उंची दोन वेळा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकदा करून बघा.)

आता गंमत बघा. चारही चाकं बाहेरून जवळजवळ सारखीच उंच आहेत. गाडी उचलली जात नाही, खाली येत नाही, मीटरही फारसं चुकत नाही. बदललं ते एवढंच, की आतलं धातूचं रिम मोठं होत गेलं आणि तेवढं रबर कमी झालं. चौदावरून सोळावर गेलात तर प्रत्येक चाकात पंचवीस मिलिमीटर, म्हणजे जवळपास एक इंच रबर गेलं. सतरावर गेलात तर चार सेंटिमीटर.

आणि गाडीची पहिली स्प्रिंग हे रबर आणि त्यातली हवा हीच असते. शॉकअपचा नंबर त्यानंतर लागतो. रस्त्यावरची खडी, रंबलरच्या पट्ट्या, पुलावरचा जॉइंट, डांबराचं ठिगळ असे बारीक आणि झटकन येणारे धक्के आधी टायरची भिंत दाबून जिरवते. भिंत उंच असेल तर ती जास्त वाकते, धक्का पसरतो. भिंत बुटकी असेल तर वाकायला जागाच नाही. धक्का रिमला, रिमकडून शॉकअपला आणि तिथून सीटला. शिवाय मोठं रिम-टायर सहसा वजनालाही जास्त भरतं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं असतं. खड्ड्यात आपटलेलं जड चाक पटकन सावरत नाही, आणि ती थरथर आत येते.

खड्ड्याच्या धारदार काठावर बुटकी भिंत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते. आतले धागे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, टाकावाच लागतो. कधी रिमच वाकतं. स्टीलचं रिम ठोकून सरळ करणारा कारागीर तालुक्याच्या गावातही सापडतो. तडा गेलेल्या अलॉयवर मात्र प्रवासी गाडीत विश्वास टाकू नका.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: धंद्याच्या गाडीला रिम वाढवू नका. आणि डिझायरसारखी गाडी अजून घ्यायचीच असेल, मागच्या सीटचा आराम हाच निकष असेल, तर चौदाच्या रिमचं व्हेरियंट खुशाल घ्या. ते स्वस्तही पडतं आणि खराब रस्त्यावर मऊही चालतं. महाग तेच जास्त आरामशीर, हा हिशोब इथे लागू होत नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो. उंच भिंत वळणावर जास्त झुकते. घाटात स्टिअरिंग किंचित सुस्त वाटेल. रुंद, बुटका टायर वळणावर जास्त ठाम असतो. स्वतः चालवायची हौस असलेल्या माणसाला तो आवडतो, आणि त्यात चूक काही नाही. पण तुमच्या गाडीत पैसे देणारा माणूस मागे बसलाय.

आता कोणी म्हणेल, माझ्याकडे पंधराची गाडी आहे, मी चौदावर येऊ का? येता येईल, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा दाराच्या स्टिकरवर ते माप दिलेलं असेल तरच. मोठ्या ब्रेकवर छोटं रिम अडकू शकतं. आधी एक चाक लावून, हाताने पूर्ण फिरवून बघा. बोल्टच्या छिद्रांचं माप, म्हणजे पीसीडी, जुळलं पाहिजे (डिझायरला ४ × १०० आहे), मधलं भोक जुळलं पाहिजे, आणि रिमचा ऑफसेटही. "बसतंय ना" म्हणजे जुळतंय असं नाही.

मापाच्या पुढे अजून एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ८५ टी. दुकानात सहसा कोणी हे विचारत नाही, पण तुम्ही विचारा. ८५ म्हणजे एका टायरची वजन पेलण्याची ताकद ५१५ किलो. ८८ म्हणजे ५६० किलो, आणि ८४ म्हणजे ५०० किलो. अक्षर वेगाचं: एस १८०, टी १९०, एच २१० किलोमीटर ताशी. कंपनीने तुमच्या गाडीला दिलेल्या आकड्यापेक्षा कमी कधीही घेऊ नका. वर दिलेला २०५/४५ आर १७ साध्या प्रकारात ८४ चा येतो, म्हणजे रुंद दिसणारा टायर चौदाच्या साध्या टायरपेक्षा कमी वजन पेलतो! पाच माणसं, डिकीत बॅगा, वर कॅरिअर, शिवाय सीएनजीची टाकी. विचार करा.

काही जण रिम तेच ठेवून टायर एक माप वाढवतात. १८५/६५ च्या जागी १९५/६५ आर १५. भिंत १२७ मिमी होते, साडेसहा मिलिमीटर जास्त. थोडा मऊपणा येतो, गाडी तेवढीच वर उचलली जाते. पण चाक ६३५ मिमीचं झालं, म्हणजे मूळच्या २.१ टक्के मोठं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, आणि मीटर फेरे मोजतं. मीटर ८० दाखवत असेल तेव्हा गाडी पूर्वीपेक्षा दीड-पावणेदोन किलोमीटर जास्त वेगाने जात असते. आणि ३०० किलोमीटर धावलात तर मीटरवर २९४ च उमटतात. भाडं तुम्ही किलोमीटरवर घेता ना? रोज सहा किलोमीटर फुकट. महिन्यात वीस दिवस गाडी चालली तर १२० किलोमीटर. शिवाय गाडी भरलेली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासतो का, हेही बघावं लागतं. हौसेच्या गाडीला ठीक. धंद्यासाठी मला हा सौदा पटत नाही.

आता सगळ्यात स्वस्त उपाय, आणि खरं तर पहिला करायचा: हवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर दिसतो. त्यावर कमी माणसं आणि पूर्ण भार यांचे आकडे असतात, पुढच्या-मागच्या चाकांचे वेगळे. पंपावरचा पोरगा सगळ्या गाड्यांना एकच आकडा मारतो, बहुतेक वेळा जास्तच. माप कितीही बरोबर असो, फाजील हवेने टायर दगड होतो. उलट, मऊ चालावी म्हणून स्टिकरपेक्षा कमी हवा ठेवणं त्याहून वाईट. भिंत सतत वाकते, तापते, आणि उन्हाळ्यात समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर भरल्या गाडीचा टायर फुटायला तेवढं पुरतं. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. चालून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. ती हवा काढू नका. चांगला गेज विकत घ्या, गाडीतच ठेवा. आणि नायट्रोजनने गाडी मऊ होते असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरवर पैसे घालण्याआधी दुखणं नक्की टायरचंच आहे का, हेही ओळखा. बारीक थरथर आणि टकटक येत असेल तर हवा आणि टायर बघा. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत राहत असेल तर शॉकअप गेलेत; तिथे कुठलंही माप उपयोगाचं नाही. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. आणि टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालातला तेविसावा आठवडा. जुनं रबर कडक होतं, नक्षी शिल्लक असली तरी. दुकानात स्वस्तात मिळणारा "नवा" टायर किती वर्षं कपाटावर पडून होता, ते इथे कळतं.

आता पैशाचं. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका. समजा सोळाचे अलॉय आणि त्यावरचे टायर यांचा सेट, साध्या चार टायरपेक्षा ३०,००० रुपये महाग पडतो. समजा सगळा खर्च जाऊन किलोमीटरमागे तुमच्या हातात ४ रुपये उरतात. म्हणजे तो लूक फेडायला गाडी ७,५०० किलोमीटर पळवायची. ते करून मिळालं काय? मागच्या सीटला जास्त हादरे. त्याच पैशात मूळ मापाचे चांगले टायर, अलाइनमेंट, थकलेले शॉकअप आणि मागच्या सीटची नवी गादी एवढं होऊ शकतं. दुकानदार मित्रांनो, तुमच्यासाठीही हेच: टॅक्सीवाल्याला अलॉय विकलात तर एकदा विक्री होते. त्याची गाडी मऊ करून दिलीत तर तो दर काही महिन्यांनी अलाइनमेंटला येतो, आणि स्टँडवरचे चार जण घेऊन येतो.

गृहपाठ: आज गाडीपाशी जा. चारही टायरची आणि स्टेपनीची मापं, भार-वेगाचा आकडा-अक्षर आणि तारखेचे चार आकडे वहीत लिहा. शेजारी दाराच्या स्टिकरवरचे आकडे लिहा. उद्या सकाळी गाडी हलवायच्या आधी हवा मोजून तिसरा रकाना भरा. मग मागच्या सीटवर स्वतः बसा, ड्रायव्हरला नेहमीच्या खराब रस्त्यावरून दहा किलोमीटर न्यायला सांगा, आणि मोबाइल खिशात ठेवा. पुढच्या पाठात टायरचा किलोमीटरमागे खर्च काढायचा आहे, तेव्हा ही वही लागेल.