विषण्णतेची ओळख का पटत नाही?

हाड मोडले तर शेजाऱ्याला दिसते. ताप आला तर कपाळाला हात लावून समजतो. विषण्णतेच्या विकाराचे तसे होत नाही, आणि याचे नेहमी दिले जाणारे कारण असे की, हा विकार मनाचा आहे व मन कोणाला दिसत नाही. हे कारण अपुरे आहे. राग आणि भीती यांचे स्थानही मनातच असते. तरी घरातील लहान मूलसुद्धा वडिलांचा राग त्यांच्या पावलांच्या आवाजावरून ओळखते. विषण्णताही चालण्याबोलण्यात, जेवणात, झोपेत दिसत असते. पाहणारा मात्र तिच्याऐवजी दुसरेच काही शोधत असतो.

तो शोधत असतो दुःख. प्रचलित शब्दच त्याला तशी दिशा देतात. मराठीत या विकारास पुष्कळदा ‘नैराश्य’ म्हणतात. या शब्दात आशाभंग गृहीत धरलेला आहे. साहजिकच ऐकणारा विचारतो, ‘निराशा कशाची? नोकरी आहे, घर आहे, मुले शिकत आहेत.’ कारण सापडले नाही की विकारही नाही असे ठरते. उलट, घरात एखादा मृत्यू घडलेला असला, म्हणजेच कारण सापडले, तर ‘असे व्हायचेच’ असे म्हणून तो विकार नव्हे असे पुन्हा ठरते. दोन्ही वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येते, हे या विचारसरणीचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे. ‘डिप्रेशन’ हा इंग्रजी शब्द आता दिल्लीच्या बसमध्येही ऐकू येतो. परंतु क्रिकेटचा सामना हरल्यावरही तोच वापरला जात असल्यामुळे त्याची धार फार राहिलेली नाही.

समजा, दिल्लीच्या एखाद्या मंत्रालयात काम करणारे, यमुनेपलीकडे राहणारे एक गृहस्थ आहेत. काही महिन्यांपासून त्यांना पहाटे तीन-साडेतीनलाच जाग येते व पुन्हा झोप लागत नाही. जेवणाला चव राहिलेली नाही. पूर्वी एका तासात हातावेगळी होणारी फाइल दिवसभर टेबलावर पडून राहते. मुलाच्या किरकोळ चुकीवर ते संतापतात आणि मग रात्रभर स्वतःला दोष देतात. डोके जड होते, छातीत धडधडते, पोटात ‘गॅस’ होतो. ते रडत नाहीत. कोणी विचारले तर ‘सब ठीक है’ असे उत्तर देतात. कचेरीत त्यांना कामचुकार म्हणतात, घरी तापट म्हणतात, आणि गल्लीतील डॉक्टर त्यांच्या पित्तावर इलाज करतो. तिघांनीही लक्षणे अचूक पाहिलेली आहेत. ती एकाच विकाराची असू शकतील, हे मात्र तिघांपैकी कोणाच्याही मनात आलेले नाही.

डॉक्टराचेही असे व्हावे, यात नवल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्रकल्पात भारत, कोलंबिया, सुदान आणि फिलिपाइन्स या चार देशांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या 1,624 रुग्णांची तपासणी करण्यात आली. भारतातील केंद्र दिल्लीच्या उत्तरेस, हरियाणातील रायपूर रानी येथे होते. 1980 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 225 रुग्णांना मानसिक विकार असल्याचे आढळले. त्यांतील बहुतेकांनी सांगितलेली तक्रार शारीरिक होती: डोकेदुखी, पोटदुखी, खोकला, अशक्तपणा. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी आपल्या नेहमीच्या पद्धतीने यांपैकी सुमारे एकतृतीयांशच रुग्ण ओळखले होते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. भारतीय माणसास मनाची भाषाच नसते, तो केवळ शरीराने बोलतो, असे पूर्वी काही पाश्चात्त्य लेखक मानीत. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चौदा देशांतील एका पाहणीने या मताला चांगलाच धक्का दिला. तीत बंगळूरचाही समावेश होता. विषण्णतेने ग्रस्त असलेल्या 1,146 रुग्णांपैकी 69 टक्के रुग्ण डॉक्टरांकडे केवळ शारीरिक तक्रारी घेऊन गेले होते, आणि श्रीमंत देशही याला अपवाद नव्हते. परंतु मनाविषयी सरळ प्रश्न विचारल्यावरही आपणास तसे काही होत नाही असे सांगणारे केवळ 11 टक्के निघाले. बाकीच्यांना आपली स्थिती सांगता येत होती. प्रश्न कोणी केला नव्हता.

शिवाय शरीराची भाषा ही मनाच्या भाषेहून नेहमी वेगळी काढता येतेच असे नाही. इंग्लंडमधील बेडफर्ड येथे स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबांत इंगा-ब्रिट क्राउसे या संशोधिकेला ‘हृदय खचणे’ ही तक्रार वारंवार ऐकावयास मिळाली. तिने 1989 साली दाखवून दिले की, ह्या एका तक्रारीत छातीतील संवेदना, काळजी, लाज आणि एकटेपणा हे सारे सामावलेले असते. दिल्लीत ही बोली परकी नाही. 1941 साली सुमारे 9 लाख लोकसंख्या असलेली दिल्ली 1951 साली 17 लाखांवर गेली, ती मुख्यतः फाळणीने बेघर झालेल्या पंजाबी कुटुंबांमुळे. ‘दिल बैठा जाता है’, ‘जी नहीं लगता’, ‘घबराहट होती है’ ही वाक्ये तेथे रोजची आहेत. ती ऐकून कोणी हृदयाचा आलेख काढून घेतो, कोणी चहा देतो. आलेख काढण्यात चूक काहीच नाही. तो निर्दोष आल्यावर रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठविणे, ही चूक होय.

दुसरे कारण काळाशी निगडित आहे. विषण्णता हा मुख्यतः एक बदल असतो, आणि बदल ओळखण्यासाठी पूर्वीचा माणूस ठाऊक असावा लागतो. अबोल माणूस अबोल आहे, यात काही विशेष नाही. गप्पिष्ट माणूस अबोल झाला, तर ती खूण ठरते. दिल्लीसारख्या शहरात ही तुलना करणार कोण? मुखर्जीनगरात स्पर्धापरीक्षेची तयारी करणारा लातूरचा किंवा बेगुसरायचा मुलगा दुपारी बारापर्यंत अंथरुणात पडून असतो, हे घरमालकाला दिसते. पण हाच मुलगा पूर्वी पहाटे पाचला उठत असे, हे त्याला ठाऊक नाही. ज्या आईला ते ठाऊक आहे, ती शेकडो मैल दूर आहे आणि तिच्यापर्यंत फोनवरचा केवळ आवाज पोहोचतो. आवाज पाच मिनिटे सांभाळणे अवघड नसते. नोएडा-गुरुग्रामच्या वसाहतींतही हेच घडते. एका छपराखाली राहणाऱ्यांची अडचण याच्या उलट असते. बदल इतका हळूहळू होतो की रोज पाहणाऱ्याला तो जाणवत नाही. वर्षाने आलेला पाहुणा दारातच म्हणतो, ‘यांना काय झाले?’ वृद्धांच्या बाबतीत तर सारा दोष वयावर टाकून मोकळे होण्याची सोयच असते.

सर्वांत बळकट कारण मात्र सहानुभूतीतूनच उद्भवते. दुसऱ्याचे मन जाणण्यासाठी माणसाजवळ स्वतःच्या अनुभवाखेरीज दुसरे माप नाही. दुःख प्रत्येकाने भोगलेले असते. कामात मन गुंतविल्यावर किंवा चार दिवस गावी जाऊन आल्यावर ते हलके झाल्याचेही त्याने अनुभवलेले असते. तोच उपाय तो प्रेमाने सुचवितो. परंतु ह्या विकारात मन गुंतविण्याची शक्तीच क्षीण झालेली असते. उपदेश फळत नाही, आणि मग उपदेश करणारा दुखावतो: ‘याला बरे व्हायचेच नाही.’ अपराधीपणाची भावना हे ह्या विकाराचेच एक लक्षण असल्यामुळे रुग्णालाही तो आरोप पटतो. आपण आळशी आहोत, इतरांना भार झालो आहोत, असे तो स्वतःच म्हणू लागतो. स्वतःविरुद्ध साक्ष देणाऱ्याला आजारी कोण समजणार?

वेडाची जी प्रतिमा समाजाने बाळगलेली आहे, तीही आड येते. मराठी माणसाला ठाणे किंवा येरवडा म्हटले की जे आठवते, ते उत्तर भारतात आग्रा आणि रांची या नावांनी आठवते. दिल्लीत शाहदरा येथे 1966 साली मनोरुग्णालय सुरू झाले. 1993 साली त्याचे मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्थेत रूपांतर झाले आणि उपचारांबरोबर शिक्षण व संशोधनाचे कार्यही तेथे होऊ लागले. तरीही नीट कपडे घालून नियमाने कचेरीत जाणारा माणूस त्या दारात शिरावा, ही कल्पना कुटुंबाला सोसत नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिल्लीचा समावेश नव्हता, परंतु उत्तर प्रदेश, राजस्थान व पंजाब ही जवळची राज्ये होती. देशातील सुमारे वीसपैकी एका प्रौढास आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो आणि त्यांतील सुमारे 85 टक्के उपचारांपासून वंचित राहतात, असे त्यात दिसून आले.

ओळखण्याची कला तज्ज्ञांपुरतीच मर्यादित नाही. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने शासकीय व खाजगी अशा 24 आरोग्यसेवा केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक व्यक्तींना त्यात समुपदेशनाचे शिक्षण देण्यात आले. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शासकीय केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला. अशा कामासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली नऊ प्रश्नांची आहे. सर्व प्रश्न गेल्या दोन आठवड्यांविषयी असतात. झोप, थकवा, भूक, अपराधीपणा, एकाग्रता यांविषयीचे प्रश्न मध्ये येतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी असतो. तो विचारल्याने नसलेला विचार मनात येतो, ही भीती अनुभवाने खरी ठरलेली नाही; पुष्कळांना विचारले गेल्याने हायसे वाटते. मन खिन्न वाटते का, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहिला प्रश्न हा की, नेहमीच्या गोष्टींत गोडी वाटेनाशी झाली आहे का.