तोंडाला रेडिएशन, मग आधी दातांचे डॉक्टर कशाला?

प्रश्न : वडिलांचे गालाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झाले. आता ३० वेळा रेडिएशन सांगितले आहे, पण त्याआधी दोन किडक्या दाढा काढायला सांगतात. आत्याला स्तनाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन दिले, तेव्हा दातांचा विषयही निघाला नव्हता. असे का?

उत्तर : किरणांचा त्रास मुख्यतः ते पडतात त्याच भागाला होतो. आत्याबाईंच्या छातीची त्वचा काळवंडली असेल. वडिलांच्या बाबतीत जबडा आणि लाळग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठाही कमी होतो. मग नंतर दाढ काढली तर जखम भरत नाही, हाड कुजू शकते, आणि हा धोका पुढे कित्येक वर्षे राहतो. म्हणून दाढा आत्ताच काढून घ्या. त्यात वेळ मात्र दवडू नका. ऑपरेशननंतर साधारण ६ आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवे.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटेल, गिळताना दुखेल. पेज, मऊ भात, ताक, अंडे चालू ठेवा. नातवंडांना खुशाल जवळ बसू द्या, बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. तंबाखू आजपासून बंद. आणि तोंड आले म्हणून उपचार मध्येच सोडू नका. खंड पडला तर कॅन्सर परतण्याचा धोका वाढतो.