दगडाची जिल्हई

गौलीगुड्याहून अफझलगंजमार्गे नया पूल ओलांडला की मुसीच्या काठी उच्च न्यायालयाची इमारत दृष्टीस पडते. १९२० साली उघडलेल्या या वास्तूत गुलाबी ग्रॅनाइट आणि तांबडा वालुकाश्म यांचा उपयोग केलेला आहे. तेथून घरी परतावे तो पायांखाली तांडूरची नाही तर शहाबादी फरशी! दोन्ही दगडच, परंतु कारागिराला विचाराल तर तो सांगेल की, एकाला जे मानवते ते दुसऱ्याला मानवत नाही.

तांडूरचा दगड हा थरांनी बनलेला चुनखडक. पहार घातली की त्याचे थर सुटतात, आणि कठीणपणाच्या १० अंकी मोस श्रेणीत तो ३ च्या आसपास येतो. ग्रॅनाइटचे तसे नाही. आपल्या हैदराबादेचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी शिलारस निवून घडला. त्यात गारगोटीचे कण ७ कठीणपणाचे, फेल्स्पारचे ६ चे आणि अभ्रकाचे जेमतेम ३ चे. एकाच शिळेत जणू तीन दगड नांदतात! कापणाऱ्याची व घासणाऱ्याची खरी परीक्षा येथेच आहे.

ग्रॅनाइट कापणाऱ्या पात्याला करवतीसारखे दाते असतात, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः पोलादी चकतीच्या कडेवर धातूचे लहान ठोकळे जडवलेले असतात व त्यांत हिऱ्याचे कण रोवलेले असतात. दगड कापला जातो तो या कणांनी. कण बोथट झाला की त्याला धरून ठेवणारा धातू झिजावा, कण गळून पडावा आणि त्याच्या मागचा ताजा कण उघडा पडावा, अशी ही योजना आहे. म्हणूनच कठीण दगडासाठी मऊ धातूचे पाते घेतात आणि मऊ पण खरखरीत दगडासाठी कठीण धातूचे. प्रथम ऐकताना हे उफराटे वाटते. आम्हांलाही वाटले होते.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. पाते अगदी हळू सरकवले म्हणजे काप सुबक येतो असे नाही. दाब फार कमी पडला तर धातू झिजत नाही, बोथट कण तसेच राहतात आणि पाते नुसते घासू लागते. एका कामशाळेत आम्ही हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. पाते चालेना, म्हणून कारागिराने शिळा जोराने पुढे रेटली. पाते किंचित वाकले, काप तिरका गेला आणि शेवटी शिळेच्या कोपऱ्याचा टवका उडाला. दोन दिवसांची शिळा वाया गेली. वास्तविक खरखरीत विटेत चार-सहा काप घेतले असते, तर पाते पुन्हा जागे झाले असते. काप सुरू होताना व संपताना मात्र वेग मंद हवाच, कारण पाते बाहेर पडते तेथे कडेला मागून आधार नसतो.

गणिताची आवड असणाऱ्यांनी पुढील हिशेब करून पाहावा. ग्रॅनाइटला पात्याच्या कडेचा वेग सेकंदास साधारण २५ ते ३५ मीटर मानवतो. ३५ सेंटिमीटर व्यासाचे पाते मिनिटास १५०० फेरे घेत असेल, तर हा वेग सुमारे २७·५ मीटर येतो. त्याच यंत्रावर ६० सेंटिमीटरचे पाते चढवले की तो ४७ मीटर होतो; पहिलाच वेग राखावयाचा तर फेरे सुमारे ८७५ वर आणावे लागतील.

आता जिल्हईविषयी. ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३००० असे घर्षक दगड क्रमाने लावतात. अंक वाढेल तसा कण बारीक. प्रत्येक पायरीचे काम एवढेच की, मागच्या पायरीचे ओरखडे पुसावयाचे. २०० ची पायरी गाळून १०० वरून एकदम ४०० वर गेल्यास खोल ओरखडे राहतात, आणि ते दिसतात सर्वांत शेवटी, चकाकी आल्यावर! ओल्या शिळेवर तर ते मुळीच उमगत नाहीत, कारण पाणी त्या खाचांत भरून बसते. म्हणून जाणता कारागीर प्रत्येक पायरीनंतर शिळा पुसून, वाळवून, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहतो. अभ्रकाचे कण उपटले जाऊन बारीक खळगे पडतात, ते वेगळेच. हनमकोंड्याच्या सहस्रस्तंभ मंदिरातील (इ. स. ११६३) काळे खांब इतके नितळ का, याचे एक कारण त्या दगडाच्या बारीक, एकजीव कणांतही आहे, अर्थात हिऱ्यावाचून ती जिल्हई आणणाऱ्या हातांना आमचा नमस्कारच!

पाणी केवळ पाते थंड ठेवण्यासाठी असते असे समजू नये. गारगोटीची धूळ डोळ्यांना दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते, ती फुप्फुसांत खोल जाऊन बसते आणि तेथे व्रण धरतात. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाना कायद्याने तो सूचना देण्यास पात्र अशा रोगांत घातला. एकदा जडला की तो बरा होत नाही. घरोघरी फरशी बसवताना हातयंत्राने कोरडाच दगड कापतात, कारण अंगण चिखलाने भरू नये असे घरमालकाला वाटते. तो पांढरा लोट उठतो तेव्हा कापणाऱ्याच्या तोंडावर पुष्कळदा एक रुमाल असतो, आणि रुमालाच्या विणीतून हे कण सहज पार होतात. चिखल झाडून काढता येतो. मोठ्या कामशाळांत तर तोही वाया जाऊ देत नाहीत. गढूळ पाणी हौदात निवळू देतात, गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी पुन्हा पात्याकडे जाते.