चित्रप्रवाह आणि वांटणीची शिस्त

आज पुष्कळ घरांत अभ्यासाचे धडे व्हिडिओच्या रूपानें इंटरनेटवरून पाहिले जातात. धडा ऐन रंगांत आला असतां चित्र मध्येंच थिजतें, पडद्यावर चक्र फिरूं लागतें, आणि शिक्षकांचें वाक्य अर्धेंच राहतें. अशा वेळीं 'आपली लाइन लहान आहे, मोठी घ्यावी' असें अनेकांस वाटतें. कांहीं अंशीं तें खरेंही असेल. परंतु चित्राचा दर्जा लाइनीच्या रुंदीइतकाच तिच्या वांटणीवरही अवलंबून असतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मोजमाप पाहूं. एका सेकंदांत जास्तींत जास्त जितके बिट लाइनीवरून जाऊं शकतात, त्या मर्यादेस बँडविड्थ म्हणतात. १९२० उभ्या स्तंभांचें व १०८० आडव्या ओळींचें एक चित्र घ्या. त्यांत २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगास २४ बिट व सेकंदास २५ चित्रें धरलीं, तर दर सेकंदास सुमारें १२४ कोटि बिट पाठवावे लागतील! एवढा भार सामान्य घरच्या लाइनीस झेपणार नाहीं. म्हणून लागोपाठच्या चित्रांत जें बदलत नाहीं तें पुनः न पाठवितां मुख्यतः बदलच पाठविण्याची युक्ति योजतात. अशा संक्षेपानें तोच व्हिडिओ सेकंदास सुमारें ५० लाख बिटांत, म्हणजे मूळ भाराच्या जवळजवळ अडीचशाव्या हिश्शांत, बसतो.

दुसरी युक्ति अशी कीं, व्हिडिओचे कांहीं सेकंदांचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांत तयार ठेवितात. मागील तुकडे किती वेगानें आले तें पाहून पुढचा कोणत्या दर्जाचा मागावा हें पाहणाऱ्याचें यंत्र ठरवितें, व थोडे तुकडे आगाऊ आणून सांठवितें. या सांठ्यास बफर म्हणतात. तो संपला कीं चित्र थांबतें. या पद्धतीचें एक आंतरराष्ट्रीय प्रमाण 'एमपेग-डॅश' या नांवानें २०१२ सालीं प्रसिद्ध झालें.

परंतु सर्वांनींच एकदम अधिक मागितलें तर काय होतें? इंटरनेटवर माहिती लहान लहान पुडक्यांत बांधून पाठविली जाते. ऑक्टोबर १९८६ मध्यें अमेरिकेंत लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यामधील ही वाहतूक पार तुंबली. अंतर सुमारें ४०० यार्डांचें. पण सेकंदास ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला! उशीर झालेलीं पुडकीं हरवलीं असें समजून यंत्रें तींच पुनःपुनः पाठवीत, व गर्दीनें गर्दी वाढे. व्हॅन जेकबसन यांनीं १९८८ सालीं एका निबंधांत उपाय सांगितला: आरंभ हळू करावा, पोंच मिळेल तसा वेग वाढवावा, आणि पुडकें हरवलें कीं आपला वेग आपणच कमी करावा. इंटरनेटची बरीचशी वाहतूक आजही या संयमाच्या तत्त्वावर चालते.

२०२० सालीं हेंच तत्त्व माणसांनींही आचरिलें. महासाथीमुळें लोक घरीं बसले, तेव्हां मार्च महिन्यांत नेटफ्लिक्सनें युरोपांतील आपला भार सुमारें २५ टक्क्यांनीं कमी केला. भारतांतही प्रमुख कंपन्यांनीं मोबाइलवरील चित्रें कांहीं काळ ४८० ओळींपर्यंतच देण्याचें मान्य केलें.

आतां घराकडे वळूं. समजा, लाइन सेकंदास १ कोटि बिटांची आहे. ५० लाखांचे दोन व्हिडिओ लागले कीं ती भरली. त्याच वेळीं तिसऱ्यानें मोठी फाइल उतरविण्यास घेतली, तर तिघांचेंही काम अडेल. म्हणून लहान पडद्यावर ४८० ओळींचें चित्र पुरे मानावें. मोठ्या फाइली रात्रीं उतरवाव्या. राउटरमध्यें सोय असल्यास अभ्यासाच्या यंत्रास अग्रक्रम द्यावा. राउटर कोपऱ्यांत न ठेवितां घराच्या मध्यभागीं ठेवावा, आणि शक्य तेथें यंत्रास तारच जोडावी.

विद्यार्थिमित्रहो, जेथें मुलें चार आणि लाइन एकच, तेथें एकाच्या करमणुकीचा उंची दर्जा दुसऱ्यास परीक्षेच्या धड्यास मुकवूं शकतो. पाटाचें पाणी पाळीनें घेतलें तरच शेवटच्या शेतापर्यंत पोहोंचतें. गरजेपुरतेंच मागावें, ही यंत्रांस शिकविलेली शिस्त आपणही अंगीं बाणवावी.