रातपाळी आणि ऊन

पहाटेचे साडेचार वाजले आहेत. तलासरीच्या नाक्यावर अंधार आहे. तरी माणसे उभी आहेत. प्रत्येकाच्या हातात डबा आहे. जीप येते. माणसे दाटीने बसतात. कोणी उंबरगावला जातो, कोणी वापीला जातो. डहाणूचे लोक आगगाडीने बोईसरला जातात.

इतक्या लांब का जावे लागते? डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. पण मोठे कारखाने फार नाहीत. इथले जंगल, बागा आणि समुद्रकिनारा जपावा म्हणून केंद्र सरकारने १९९१ साली डहाणू तालुक्यात कारखान्यांवर बंधने घातली. म्हणून पुष्कळ लोक कामासाठी बाहेर जातात.

आपले वाडवडील उघड्यावर राबत. राब भाजायचा, आवणी करायची, गवत कापायचे, मोळी आणायची. त्यांचे हाल पुष्कळ झाले. पण उन्हाची वानवा नव्हती.

आता काम छपराखाली आले. आठ तास, कुठे बारा तास. रातपाळीवाला सकाळी घरी येतो. दोन घास खातो, दार लावून झोपतो. उठतो तेव्हा दिवस कलतो. ऊन त्याला भेटतच नाही.

आमच्या वर्गाला एक दादा येतात. एके रात्री त्यांना जमिनीवरून उठता येईना. मांडीवर हात टेकून कसेबसे उठले. आम्ही विचारले, "काय झालं, दादा?"

ते म्हणाले, "कंबर ठणकते. मांड्यांत जोर नाही. जिना चढवत नाही. वय झालं, दुसरं काय!"

वय तर अवघे चौतीस! दर आठवड्याला ते दुखणे थांबवायची सुई घेत. दोन दिवस बरे वाटे. मग पुन्हा तेच. खाडे पडू लागले. मुकादम म्हणाला, "जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो." घरात पाच माणसे खाणारी. दादा घाबरून गेले.

आम्ही त्यांना सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले. रक्तात 'ड' जीवनसत्त्व फार कमी निघाले.

हे 'ड' जीवनसत्त्व काय करते? आपली हाडे कॅल्शियम नावाच्या क्षाराने घट्ट होतात. नाचणी, दूध आणि काट्यासकट खाल्लेली सुकी मासळी यांत तो असतो. पण नुसता खाऊन भागत नाही. तो अंगी लागायला 'ड' जीवनसत्त्व हवे. ते कमी पडले तर मोठ्या माणसाची हाडे मऊ पडतात, दुखतात. लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात.

हे जीवनसत्त्व आपली कातडीच बनवते. पण त्यासाठी तिच्यावर ऊन पडावे लागते. युरोपात कारखान्यांच्या धुराने शहरे झाकली, तेव्हा पुष्कळ मुलांना मुडदूस झाला. १९१९ साली बर्लिनच्या हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलांना खास दिव्याखाली ठेवले. त्या दिव्यातून उन्हातल्यासारखे किरण येत. मुलांची हाडे सुधारली.

कॅनडातील संशोधकांनी २०१७ साली निरनिराळ्या देशांतील ७१ अभ्यास एकत्र पाहिले. पाळीत काम करणाऱ्या शंभर माणसांत सुमारे ऐंशी जणांना हे जीवनसत्त्व कमी होते. म्हणजे हे दुखणे एकट्या दादांचे नाही.

मग काय करावे?

सकाळचे कोवळे ऊन चांगले, असे आपण म्हणतो. पण त्यात हे जीवनसत्त्व फार थोडे बनते. खूण सोपी आहे. आपली सावली आपल्याहून आखूड झाली, की ते ऊन कामाचे. हात, पाय, तोंड उघडे ठेवून वीस-तीस मिनिटे उन्हात बसा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. काचेतून आलेले ऊन उपयोगी नाही. उन्हाळ्यात दहाच्या सुमारास बसा. भर दुपारी नको, ऊन लागेल.

दिवसपाळी असेल तर जेवणाच्या सुट्टीत डबा बाहेर खा. रातपाळी असेल तर आधी झोप पुरी करा. मग दुपारी अंगणात बसा. सुट्टीचा दिवस घरात काढू नका. कारखान्यात जाणाऱ्या बायांनीही हे करावे. गरोदर आईला हे जीवनसत्त्व कमी पडले, तर बाळालाही कमी पडते.

तारली, बांगडा आणि अंड्याचा पिवळा बलक यांतही ते थोडे असते. मिळेल तेव्हा खा.

अंगदुखीची कारणे अनेक असतात. रक्त कमी असेल, सिकलसेल असेल, तरी अंग दुखते. म्हणून आपल्या मनाने औषध घेऊ नका. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय, कासा किंवा डहाणूचे सरकारी रुग्णालय गाठा. पगाराच्या चिठ्ठीवर 'ई.एस.आय.' लिहून पैसे कापले असतील, तर विमा दवाखान्यात उपचार घेण्याचा तुमचा हक्क आहे. चिठ्ठी वाचून पाहा.

आणखी एक वाचा. या औषधाच्या पाकिटावर पुष्कळदा ६०,००० हा आकडा असतो. सहावर चार शून्ये. इतकी मोठी गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. लवकर बरे वाटावे म्हणून कोणी रोज घेतली, तर उलट्या होतात, मूत्रपिंडे बिघडतात. डॉक्टरांनी किती लिहिले ते वाचा. कळले नाही तर पुन्हा विचारा. विचारण्यात लाज कसली?

दादांनी पाकीट स्वतः वाचले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गोळीच्या वारावर खूण केली. दुपारी ते अंगणात बसू लागले. महिनाभरात फरक कळेना. पण तीन-चार महिन्यांनी जिना चढवू लागला. यंदा सुट्टीच्या दिवशी ते आवणीला उतरले. खाडे थांबले, नोकरी टिकली.

विचार करा आणि सांगा
१. रातपाळीवाल्याला ऊन का मिळत नाही?
२. कोणते ऊन कामाचे, हे सावलीवरून कसे ओळखाल?
३. औषधाच्या पाकिटावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय वाचून पाहावे?
४. तुमच्या पाड्यातले कोण कोण पाळीच्या कामाला जातात? त्यांना हा धडा वाचून दाखवा.