आधी आकडा, मग पाणी

औद्योगिक पट्ट्यातल्या अग्निशमन केंद्रात नोकरी करताना एक गोष्ट मनावर कोरली गेली: जळतंय काय, हे आधी कळलं पाहिजे. नव्या जवानांना मी हे आवर्जून सांगतो.

१. बंबात दुर्बीण हवीच. रसायनाच्या टँकरवर माहितीची पाटी असते. तिच्यावरचा चार आकडी यूएन नंबर लांबून, वारा पाठीशी घेऊन वाचायचा. १२०३ पेट्रोल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. एवढे तरी तोंडपाठ हवेत.

२. त्याच पाटीवरचा हॅझकेम कोड, म्हणजे आग कशी हाताळायची ते सांगणारा कोड, बघितल्याशिवाय पाणी सोडू नका. पेट्रोलचा कोड ‘३वायई’. ३ म्हणजे फोम मारा. वाय म्हणजे श्वसनयंत्र चढवा, माल गटारात जाऊ देऊ नका. ई म्हणजे आसपासची वस्ती हलवायची का, ते ठरवा. पहिला आकडा ४ असेल, तर पाण्याचा थेंबही नको. कॅल्शियम कार्बाइड ओलं झालं की ॲसिटिलीन सुटतो आणि तोच पेट घेतो.

३. ड्रायव्हरला गाठा. पाटी मागच्या खेपेची आणि टाकीत माल भलताच, असं मी पाहिलंय. पाटी, केबिनमधलं ट्रेम कार्ड (वाहतुकीतल्या आणीबाणीचं माहितीपत्रक) आणि ड्रायव्हरचं सांगणं, तिन्ही जुळवून घ्या.

४. ‘ईआरजी’ (आणीबाणीत काय करायचं ते सांगणारं) पुस्तक हाताखालून जाऊ द्या. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या या पुस्तकाची २०२४ची आवृत्ती आहे. पिवळ्या पानांत नंबरावरून, निळ्या पानांत नावावरून शोधायचं. काय करायचं ते नारिंगी पानांत. विषारी वायूंची सुरक्षित अंतरं हिरव्या पानांत, दिवसाची वेगळी, रात्रीची वेगळी. रात्री हवा स्थिर असते, वायू जमिनीलगत दूरवर पसरतो, म्हणून रात्रीचं अंतर सहसा जास्त. एलपीजीचा टँकर आगीत सापडला, तर चहूबाजूंनी १,६०० मीटर मोकळं करायला हेच पुस्तक सांगतं.

५. ॲप वापरा, पण पुस्तक काढून टाकू नका. अनेकांच्या सवयीचं ‘वायझर’ २०२३मध्ये बंद झालं. ‘कॅमिओ केमिकल्स’ नेटवर्क नसतानाही चालतं. ते आजच उतरवून घ्या. मात्र ज्वलनशील वाफ असेल तिथे मोबाइल न्यायचा नाही. शोधाशोध बाहेरच.

६. १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन नुसता पाळू नका. १९४४ साली याच दिवशी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापूस आणि स्फोटकं एकत्र होती. आग विझवताना झालेल्या स्फोटांत ६६ अग्निशमन जवान गेले. त्या दिवशी मानवंदनेनंतर प्रत्येक जवानाला एक यूएन नंबर द्या आणि पुस्तकातून अंतर काढायला लावा. हा सराव झालेला जवान टँकरजवळ धावण्याआधी थांबतो, आणि त्या थांबण्यानेच तो घरी परततो.