गच्ची गळली, फॉल्स सीलिंग खाली आलं, भरपाई कोणाची?

प्रश्न : पुनावळ्यात कोयते वस्तीजवळच्या इमारतीत बाराव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ताबा ऑगस्ट 2022 मध्ये मिळाला. हॉलचं जिप्समचं फॉल्स सीलिंग आम्ही नंतर स्वखर्चाने करून घेतलं. गेल्या पावसाळ्यात त्यावर पिवळे डाग पडले, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकले. यंदा बोर्ड फुगून खालीच आले. नवीन करायला 35 हजार लागतील म्हणतात. कमिटी म्हणते, तुमचं इंटिरिअर, तुम्ही बघा. बिल्डर म्हणतो, गच्ची सोसायटीच्या ताब्यात दिली. दोघं ऐकत नाहीत तोवर मेंटेनन्स बंद करू का?
– एक वाचक, पुनावळे

उत्तर : अजिबात नको. मेंटेनन्स थकला की व्याज चढतं, वसुलीच्या दाखल्याची कारवाई होऊ शकते आणि सभेत गळतीऐवजी तुमच्या थकबाकीवरच चर्चा रंगते.

तुमच्या डोक्यावर दोन छतं आहेत, ती आधी वेगळी करू. वरचा स्लॅब आणि त्याचं प्लास्टर ही जबाबदारी सोसायटीची. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. तिच्यात गच्ची आहे, पावसाच्या पाण्याची गळती आहे आणि गच्चीतून झिरपलेल्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत व प्लास्टर खराब झालं तर तेही आहे. इतकं स्पष्ट लिहिलेलं असताना ‘तुम्ही बघा’ हे उत्तर चालत नाही. (तुमची सोसायटी नसून 1970 च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असेल, तर घोषणापत्राला जोडलेले उपविधी पाहा.)

खालचं जिप्सम मात्र तुम्ही हौसेने केलेलं. यादीतल्या ‘छत’ या शब्दात ते बसतं का, यावर कमिटी वाद घालणार आणि तो वाद अगदीच पोकळ नाही. म्हणून दुरुस्ती मागू नका, नुकसानभरपाई मागा. गच्ची सांभाळायची जबाबदारी सोसायटीची होती, वर्षभरापूर्वी कळवूनही तिने काही केलं नाही, त्यातून हे नुकसान झालं, अशी मांडणी करा. सगळी भिस्त ‘कळवूनही’ या शब्दावर आहे. ग्रुपवरचे फोटो तारखेसह जपून ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. आजच सेक्रेटरींच्या नावे लेखी अर्ज द्या, प्रतीवर पोहोच घ्या. दाद मिळाली नाही तर 1960 च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय आहे. पण 35 हजारांसाठी तिथे हेलपाटे घालण्याआधी विषय सर्वसाधारण सभेत नेलेला बरा.

बिल्डरही सुटलेला नाही. रेराच्या कलम 14(3) प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर 30 दिवसांत तो फुकट दुरुस्त करावा लागतो. नाही केला तर भरपाई मागता येते. तुमची मुदत ऑगस्ट 2027 पर्यंत. गच्ची सोसायटीकडे सोपवली म्हणून ही जबाबदारी संपत नाही. तुम्ही आणि सोसायटी दोघांनीही बिल्डरला स्पीड पोस्टाने स्वतंत्र पत्रं पाठवा. बिल्डर महिनाभरात हलला नाही तर महारेरा.

बिल्डरचा ठरलेला बचावही ऐकून ठेवा: ‘सोलरच्या स्टँडसाठी, डिशसाठी तुमच्याच लोकांनी गच्चीला भोकं पाडली, वॉटरप्रूफिंग फाटलं.’ कधीकधी ते खरंही असतं. म्हणून पत्रापूर्वी गच्चीवर जा. पाणी जायच्या तोंडाशी पाला साचलाय का, पॅरापेटच्या कडेला कोब्याला चीर आहे का, कुठे बोल्ट ठोकलेत, याचे फोटो काढा. सोसायटीने स्वतंत्र इंजिनिअरचा अहवाल घेतला तर दोष कोणाचा, यावर बोलायला आधार मिळतो. गृहविम्यावर फार आशा ठेवू नका. पाइप किंवा टाकी फुटली तर गोष्ट वेगळी, पण हळूहळू झिरपणारं पाणी सहसा त्यात बसत नाही.

आणि नवीन सीलिंग इतक्यात करू नका. लोंबणारे बोर्ड, वायरिंग आणि दिवे यांचे फोटो काढा, त्या पॉइंटचा एमसीबी बंद करा आणि भिजलेले बोर्ड उतरवून घ्या. एकदा भिजून फुगलेला बोर्ड वाळला तरी त्यात पूर्वीची ताकद राहत नाही आणि त्याच्या कागदाला बुरशी धरते, तेव्हा डागावर रंग मारून देतो म्हणणाऱ्या कंत्राटदाराला परत पाठवा. सांगाडा गंजला नसेल तर तोच वापरता येईल, तेवढी रक्कम कोटेशनमधून वजा करून घ्या. मागणीचा आकडा फुगलेला दिसला की कमिटीला बोलायला जागा मिळते. वरचं वॉटरप्रूफिंग झालं, गच्चीवर पाणी तुंबवून चाचणी घेतली आणि स्लॅब खालून कोरडा राहिला, की मगच नवे बोर्ड लावा. पक्कं बिल मात्र घ्या.